त्रेचाळीस चाचण्यांची करवत

शनिवारी सकाळी अकरा वाजता बंगळुरात, बसवनगुडीतल्या टेंब्यांच्या दारात एकवीस किलोचं खोकं येऊन पडलं. खोक्यावरची पट्टी निघायच्या आधीच अलकाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?"

"शुक्रवारला सहा दिवस आहेत," चंद्रकांत टेंबे म्हणाले. "जाळी कापायला दोन दिवस धर. चार दिवस हातात राहतात."

"चार दिवस कशाला लागतात हातात?"

"यंत्र तपासायला."

अलकाताईंनी पुन्हा कणीक मळायला घेतली. त्यांच्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि त्यातली चौतीस वर्षं टेंबे एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायचे, बरोबर असतील त्यांना हिरवी चिठ्ठी लावायची, नसतील त्यांना लाल. या नोकरीत त्यांनी स्वतः एकही भाग केला नव्हता. आवश्यकताच नव्हती.

खोक्यात जाळीकामाची करवत होती. हिला स्क्रोल सॉ म्हणतात. शिवणयंत्राच्या सुईसारखं एक बारीक पातं उभं ताणलेलं असतं, ते झपाझप वरखाली होतं, आणि टेबलावर ठेवलेली फळी आपण हातांनी वळवत वळवत त्याच्याकडे न्यायची. एचएसआर लेआउटला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं, ईरानं, ती बाबांच्या सहासष्टाव्या वाढदिवसासाठी मागवली होती. वाढदिवस जुलैत होता. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरात जे घडलं ते ऐकल्यावर तिनं जुलैची वाट पाहिली नाही.

घडलं ते असं. अलकाताईंकडे चैत्रगौरीचा पितळी झोपाळा होता आणि त्याच्या मागे उभी करायची सागवानी महिरप होती, आईकडून आलेली, जाळीच्या नक्षीची. दर वर्षी चैत्रातल्या एका शुक्रवारी गौर त्या महिरपीपुढे झोपाळ्यात बसे आणि तीसेक बायका हळदीकुंकवाला येत. या वर्षी माळ्यावरून महिरप खाली काढताना टेंब्यांना वाटलं, ही उजवीकडे कललेली दिसते. त्यांनी मोजली. तीन मिलिमीटर कललेली होती. त्यांनी ती सरळ करायला घेतली. ती सरळ झाली, आणि मग तिचे पाच तुकडे झाले.

"तीस बायका येतात," अलकाताई तुकड्यांकडे बघत म्हणाल्या होत्या. "अडतीस वर्षांत एकीनंही म्हटलं नव्हतं, की बाई, तुझी महिरप कललीय."

"त्यांनी मोजली नसेल."

त्यावर अलकाताईंनी आवाज न चढवता निर्णय सांगितला. शुक्रवारी दुपारी चार वाजता गौरीमागे महिरप असली पाहिजे. नसली तर त्या गांधी बझारमधून सोनेरी प्लास्टिकची कमान आणतील, आणि जुनी कुठे गेली असं जी जी बाई विचारेल तिला तिला खरं कारण सांगतील. तीन मिलिमीटरांसकट.

टेंबे प्लास्टिकला घाबरत नव्हते. तीस बायकांपैकी निदान बारा जणींचे नवरे त्यांच्या कारखान्यातले होते.

करवतीसोबत एक पुस्तिका आली होती. टेंब्यांनी ती पुढून पाहिली, मागून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"हिच्यावर सुधारणा-क्रमांक नाही, तारीख नाही, कुणाची सही नाही," ते म्हणाले. "ही पुस्तिका नव्हे. जाहिरात आहे."

मग त्यांनी स्वतःची चाचणी-यादी लिहिली. शनिवारची दुपार आणि संध्याकाळ त्यात गेली. यादीत त्रेचाळीस मुद्दे होते. टेबल पात्याशी काटकोनात आहे का, हे एकटंच चार मुद्द्यांत विभागलेलं होतं, कारण टेबलाला चार बाजू असतात.

रविवारी करवतीला जागा मिळाली. बंगळुरातल्या घरांना स्वयंपाकघरामागे एक लांबट, जाळी लावलेली जागा असते, तिला सगळे युटिलिटी म्हणतात. तिथे कपडे धुण्याचं यंत्र असतं, केरसुणी असते आणि ज्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही अशा वस्तू असतात. त्यांतलाच ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा टेंब्यांनी लाकडी बाकावर ठेवला, खाली रबराचे चार तुकडे घातले आणि करवत त्यावर बोल्टांनी आवळली. गुण्या लावून काटकोन पाहताना पात्याजवळची एक छोटी दाबपट्टी मध्ये येत होती. ती त्यांनी काढली आणि बिस्किटाच्या डब्यात नीट ठेवली.

सोमवारी एकतिसावा मुद्दा आला: यंत्र पूर्ण वेगात चालू असताना टेबलावर रुपयाचं नाणं कडेवर उभं राहिलं पाहिजे. नाणं पडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा पडलं. सातव्यांदा पडल्यावर टेंब्यांच्या लक्षात आलं की थरथर एकट्या करवतीची नव्हती.

"अगं, ते कपड्यांचं यंत्र बंद कर!"

"चादरी आहेत त्यात."

"जमीन हलतेय. चाचणी होईपर्यंत कपडे धुवायचे नाहीत."

"चाचणी कधी होईल?"

"नाणं उभं राहिलं की."

मंगळवारी अलकाताई कपड्यांची बादली घेऊन खाली घरमालकीण कावेरीअक्कांकडे गेल्या. कावेरीअक्कांनी त्यांच्या यंत्रात जागा करून दिली आणि वर काय चाललंय ते विचारलं. अलकाताईंनी सांगितलं. कावेरीअक्कांना ते एकदम पटलं नाही, म्हणून त्या स्वतः जिना चढून आल्या. युटिलिटीच्या दारात उभं राहून त्यांनी पाच मिनिटं टेंब्यांना एका नाण्याकडे बघताना पाहिलं आणि त्या खाली गेल्या. त्यांच्या मिस्टरांनी निवृत्तीनंतर होमिओपॅथी सुरू केली होती, त्यामुळे त्यांना फार नवल वाटलं नसावं.

त्याच दुपारी ईराचा फोन आला.

"बाबा, कापलं का काही?"

"अजून यंत्र स्वीकारलेलं नाही."

"म्हणजे? मी रिटर्न करू?"

"स्वीकारणं म्हणजे तपासून सही करणं. तीस मुद्दे झालेत."

"बाबा, लोक बॉक्समधून काढून दहा मिनिटांत वापरतात! मी रिव्ह्यूज वाचलेत. एक बारा वर्षांची मुलगी आहे, तिनं त्यावर डायनोसोर बनवलाय."

"तिनं काटकोनाला मोजायची डायल लावून पाहिली होती का?"

ईरानं फोन आईकडे द्यायला सांगितलं.

बुधवारी दुपारी साडेचार वाजता नाणं उभं राहिलं. टेंब्यांनी त्याच्याकडे पूर्ण एक मिनिट पाहिलं, घड्याळ लावून. उरलेले मुद्दे तासाभरात झाले. पात्याचा ताण त्यांनी काट्याच्या तराजूचा हूक अडकवून मोजला. टेबलाचा काटकोन त्यांच्या डायलवर एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत शुद्ध निघाला. चार पानी अहवालाच्या तळाशी त्यांनी 'स्वीकृत' लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि दोन प्रती काढल्या. दोन कोणासाठी, असं अलकाताईंनी विचारलं नाही.

मग त्यांनी प्लायवुडचा एक उरलेला तुकडा टेबलावर ठेवला, करवत चालू केली आणि तुकडा पात्याकडे सरकवला.

तुकडा वर उडाला. खाली आदळला, परत उडाला आणि टेबलावर इतक्या वेगानं आपटायला लागला की तबल्यावर कुणी चिडून हात चालवतंय असं वाटावं. टेंब्यांनी हात मागे घेतले. त्याबरोबर तुकडा सुटला, फळीवरच्या साबणाच्या पावडरीच्या डब्यावर बसला आणि डब्यासकट खाली आला.

अलकाताई धावत आल्या. "लागलं?"

"नाही."

"काय झालं?"

टेंब्यांनी पांढऱ्या पावडरीत पडलेला तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला. "प्लाय सदोष आहे," ते म्हणाले.

त्यांनी दुसरा तुकडा घेतला. तोही उडाला. तेव्हा त्यांनी पूर्ण फळीच सदोष ठरवली. खात्रीसाठी त्यांनी करवतीच्या खोक्याचा पुठ्ठा लावून पाहिला. पुठ्ठा उडाला नाही, कारण तो आधीच दोन ठिकाणी फाटला. साडेसहा वाजता टेंबे बाकासमोर बसून होते. समोर यंत्र होतं, त्यात त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस मुद्द्यांवर दोष नव्हता, आणि ते काहीही कापत नव्हतं.

"नागनाथांना बोलवा," अलकाताई म्हणाल्या.

"कशाला?"

"मी मघाशी त्यांच्या बायकोला, तानूबाईंना, शुक्रवारचं बोलावणं करायला फोन केला होता. नागनाथ घरात लाकडाची खेळणी करतात म्हणे हल्ली. अशीच करवत आहे त्यांच्याकडे."

टेंब्यांनी अहवाल उचलून परत ठेवला. नागनाथ निपाणीकडचे, कारखान्यात मिलिंगच्या यंत्रावर होते. एकोणतीस वर्षं. त्यांचं काम चांगलं असे, आणि म्हणूनच टेंबे ते विशेष बारकाईनं तपासत. कारखान्यात सर्वांत जास्त लाल चिठ्ठ्या ज्यांना मिळाल्या त्यांत नागनाथ वरच्या पाचांत होते. निवृत्तीच्या दिवशी नागनाथांनी सगळ्यांना पेढे वाटले होते आणि टेंब्यांच्या हातावर पेढा ठेवताना म्हटलं होतं, "मोजून घ्या सर."

"त्यांना नको," टेंबे म्हणाले.

"सोनेरी कमान साडेतीनशेला मिळते," अलकाताई म्हणाल्या. "मी चौकशी केलीय."

गुरुवारी सकाळी साडेनऊला नागनाथ आले. त्यागराजनगरहून चालत आले होते. शर्टाच्या खिशात चष्मा, हातात काही नाही.

"या, या," टेंबे म्हणाले. "बऱ्याच दिवसांनी."

"तुमी बोलावलासा म्हंजे काय तरी मोठंच मोडलंय, म्हटलं बगून येऊया," नागनाथ म्हणाले. "नमस्कार वैनी. च्या टाका की स्वल्प, साखर कमी."

युटिलिटीत येऊन त्यांनी करवतीकडे पाहिलं नाही. स्टूल ओढून बसले, चष्मा लावला आणि हात पुढे केला. "कागद?"

"कसला कागद?"

"तुमी यंत्र बसवलं आनी कागद न्हाई, असं हुनार न्हाई सर."

टेंब्यांनी अहवालाची दुसरी प्रत दिली. नागनाथांनी ती पहिल्या मुद्द्यापासून वाचायला घेतली. वाचताना ते मधूनमधून मान हलवत. एकदा "अरेरे" म्हणाले, पण ते चहा सांडला म्हणून. पंचवीस मिनिटं गेली. टेंबे उभे होते. एकदा त्यांनी गुण्या उचलून पुसला, मग परत ठेवला. नागनाथांनी चौथं पान संपवलं, सही पाहिली, तारीख पाहिली, मागचं कोरं पानही पाहिलं.

मग उठून त्यांनी अंगठ्याचं नख पात्यावर ठेवलं, वरून खाली ओढलं, खालून वर नेलं, आणि परत बसले.

"सर, काटकोन एक नंबर. हादरा न्हाई. असं बसवलेलं यंत्र मी कारखान्यात बी बगितलं न्हाई, खरं सांगतो."

"मग?"

"पातं उलटं हाय."

खालच्या मजल्यावर टेंब्यांचेच कपडे यंत्रात फिरत असल्याचा आवाज युटिलिटीत येत होता.

"दाते खाली तोंड करून पायजेत," नागनाथ शांतपणे म्हणाले. "पातं खाली येताना कापतंय, फळीला टेबलावर दाबतंय. तुमचे दाते वर बगतात. फळीला उचलून फेकायलेत. त्यांची चूक न्हाई."

टेंब्यांनी भिंग आणलं. पात्याचे दात इतके बारीक होते की नुसत्या डोळ्यांना ते दोरीसारखं दिसे. भिंगातून ते स्पष्ट दिसले. सगळेच्या सगळे आकाशाकडे बघत होते.

"तिसऱ्या पानावर चित्र आहे," स्वयंपाकघरातून अलकाताईंचा आवाज आला. "मोठा बाण काढलाय खाली."

"कुठल्या तिसऱ्या पानावर?"

"त्या पुस्तिकेच्या. सोमवारी वीज गेली होती ना, तेव्हा वाचली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात जाहिरात आहे. मला वाटलं, जाहिरातीत बाण असतातच."

टेंब्यांनी खिशातलं पेन काढलं आणि अहवालावर लिहिलं, मुद्दा चव्वेचाळीस, दातांची दिशा. नागनाथ शेजारी उभं राहून म्हणाले, "लिवा, लिवा. पुडच्या मानसाला उपेग हुतो."

पातं सरळ झालं. नागनाथांनी दाबपट्टी कुठे गेली ते विचारलं. टेंब्यांनी बिस्किटाचा डबा आणला. दाबपट्टी लागली. नागनाथांनी ताणाची कळ फिरवली आणि पात्याला बोटानं टिचकी मारली. 'टुंग' असा आवाज झाला. "झालं," ते म्हणाले.

"झालं म्हणजे? ताण किती?"

"टुंग इतका."

"अहो, आकडा?"

"ढिलं असलं की थप म्हणतंय. जास्त झालं की टिंग म्हणतंय, मग तुटतंय. टुंग पायजे."

टेंब्यांनी काट्याचा तराजू उचलला होता. पण तो लावायच्या आधी त्यांना दुसरी गोष्ट आठवली आणि ती जास्त गंभीर होती. महिरपीचा कागद प्लायवर चिकटवून तयार होता: वेलबुट्टी आणि मध्ये समोरासमोर दोन मोर. नक्षीत अडुसष्ट भोकं होती. प्रत्येक भोक कापताना पातं वरून सोडायचं, फळीतल्या छिद्रातून ओवायचं आणि परत आवळायचं. त्यांच्या यादीनुसार पातं दर वेळी आवळल्यावर सतरा ते एकोणतीस हे मुद्दे पुन्हा तपासायचे होते. त्याला अकरा मिनिटं लागत. टेंब्यांनी अहवालाच्या कडेला गुणाकार केला. बारा तास अठ्ठावीस मिनिटं. नुसती तपासणी, कापणं वेगळं.

"काय सर, चेहरा असा का पडला?"

टेंब्यांनी आकडा दाखवला. अलकाताई हात पुसत दारात आल्या होत्या, त्यांनीही तो पाहिला.

"म्हणजे गौरीला शनिवारी बसवू?" त्यांनी विचारलं. "तिला विचारून बघते, चालेल का."

नागनाथांनी पात्याला टिचकी मारली. टुंग.

टेंब्यांनी तराजू खाली ठेवला. "बरं," ते म्हणाले. "कापा."

"मी?" नागनाथांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "मी न्हाई कापनार. मी तपासनार. एवढी वर्सं वाट बगितली सर, आता मला बसू द्या की."

त्यांनी स्टूल टेंब्यांच्या उजव्या खांद्यामागे ओढून घेतलं आणि बसले.

टेंब्यांनी पहिलं भोक कापायला घेतलं. फळी उडाली नाही. पातं लाकडात उतरलं, बारीक भुसा उडाला, आणि टेंब्यांच्या लक्षात आलं की काळ्या रेषेवरून पातं नेणं ही गोष्ट दुसऱ्या कुणी केलेलं काम तपासण्यापेक्षा फारच वेगळी आहे. फळी ढकलली की पातं वाकतं. थांबलं की जळका वास येतो. वळणावर फळी फिरवायची, पण पुढे ढकलायची नाही. एवढं सगळं सांभाळत असताना मागून एक माणूस दर दहा सेकंदांनी श्वास आत ओढत होता.

"काय झालं?" टेंबे न वळता म्हणाले.

"काय न्हाई. चालू द्या."

"रेषेबाहेर गेलं का?"

"मी काय बोललोय का?"

तिसऱ्या भोकाला टेंब्यांच्या कपाळावर घाम आला. "नागनाथ, जरा मागे उभे राहू नका हो. हात थरथरतो."

"मी बसलोय."

"बसूही नका."

"एकोणतीस वर्सं मी हेच सांगत हुतो सर," नागनाथ म्हणाले. "मनातल्या मनात."

टेंब्यांनी करवत बंद केली आणि वळून पाहिलं. नागनाथ हसत नव्हते.  नागनाथांनी स्टूल उचललं आणि दाराबाहेर, स्वयंपाकघराच्या बाजूला नेऊन ठेवलं. "हितनं दिसत न्हाई," ते म्हणाले. "आवाज ऐकतो."

त्यानंतर काम बरं झालं. पातं ओवायचं, आवळायचं, टुंग. बाहेरून नागनाथ म्हणत, "थप हाय," आणि टेंबे ताण वाढवत. "ढकलालाय तुमी," आणि टेंबे हात सैल सोडत. दुपारी अलकाताईंनी दोघांना थालीपीठ दिलं, तेव्हा तेवीस भोकं झाली होती. संध्याकाळी सातला एक्कावन्न. नागनाथ जाताना म्हणाले, "आत्तापर्यंत पास," आणि टेंबे त्या एका शब्दावर रात्री नऊ वाजताच शांतपणे झोपले.

शुक्रवारी सकाळी साडेसातपासून उरलेली सतरा. सर्वांत अवघड काम शेवटी ठेवलं होतं: मोरांचे पाय. एक मोर झाला. दुसऱ्याचा पहिला पाय झाला. अकरा वाजून पाच मिनिटांनी, अडुसष्टाव्या भोकात, खालून कावेरीअक्कांनी "अलका, दूध आलंय!" अशी हाक मारली, आणि टेंब्यांचा हात हलला.

त्यांनी करवत बंद केली. पातं रेषा सोडून पायात शिरलं होतं. पाय तुटला नव्हता, पण बारीक झाला होता. त्यांनी खिशातून व्हर्निअर काढला आणि मोजलं.

"काय झालं?" नागनाथ आत आले.

"सव्वा मिलिमीटर आत गेलंय."

"दावा."

"दाखवायचं काय त्यात? लाल चिठ्ठी." टेंबे खुर्चीत मागे टेकले. "नवी फळी घ्यायला हवी. पाच तास आहेत. नाही, होणार नाही. अलकाला सांगतो, कमान आण."

नागनाथांनी फळी हातात घेतली, उजेडाकडे धरली, लांब धरली, जवळ धरली. दोन पूर्ण मिनिटं. चौतीस वर्षांत टेंब्यांनी असं ताटकळत कुणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं. हे दोन मिनिटांचं काम किती लांब असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"पास," नागनाथ म्हणाले.

"अहो, सव्वा मिलिमीटर!"

"मोजलं कुनी?"

"मी."

"तपासनारा कोन?"

टेंब्यांनी व्हर्निअर मिटवला.

"कापनाऱ्यानं मोजायचं नसतंय, हा नियम तुमीच भिंतीवर लावला हुता सर. तो इकडं द्या." नागनाथांनी त्यांच्या हातातून व्हर्निअर काढून घेतला, स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला आणि वर चष्मा ठेवला. "सोमवारी आनून देतो. वैनी, म्हईरप झाली! आंबाडाळ तानूकडनं डब्यात पाठवा, मी बायकांत येत न्हाई."

आणि ते गेले. टेंब्यांकडे मोजायला पट्टीसुद्धा होती, पण ती त्यांनी घेतली नाही. फळीवरचा कागद काढला, कडा कानशीनं घासल्या, जवसाच्या तेलाचा हात फिरवला. तीन वाजता अलकाताईंच्या हाती दिली.

अलकाताईंनी ती झोपाळ्यामागे उभी केली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"एका मोराचा पाय बिघडलाय," टेंबे म्हणाले. "सांगून ठेवतो. लोकांना दिसायच्या आत."

"मोगऱ्याचा गजरा सोडते त्याच्यावर. तुम्ही आत जा, अंगावर किती भुसा आहे बघा."

चार वाजल्यापासून बायका यायला लागल्या. टेंबे आंघोळ करून आतल्या खोलीत पेपर उघडून बसले होते. पेपरातलं एक अक्षरही त्यांनी वाचलं नाही. कान बाहेर होते. पन्ह्याचे पेले वाजले, हरभरे ओटीत पडले, तानूबाईंचा आवाज आला, आणि मग कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या बायकोनं तो प्रश्न विचारलाच.

"अय्या, महिरप नवी का? आईची जुनी कुठे गेली गं?"

टेंब्यांनी पेपर खाली घेतला.

"जुनी झाली होती फार," अलकाताई म्हणाल्या. "यांनी ही नवी केली. घरी. हातानं."

"टेंब्यांनी? केली?"

"हो. केली."

यापुढे अलकाताई काही बोलतील, म्हणून टेंबे थांबून राहिले. त्या बोलल्या नाहीत. विषय कैऱ्यांच्या भावाकडे गेला. तेव्हा टेंबे उठले, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं दिवाणखान्याच्या दारापर्यंत आले.

गौर झोपाळ्यात बसली होती. मागे महिरप, महिरपीत मोर, आणि एका मोराच्या पायावर मोगऱ्याचा जाडजूड गजरा. चांगल्या मोराच्या. खिळा त्या बाजूला होता म्हणून अलकाताईंनी गजरा तिकडे सोडला होता. बारीक पायाचा मोर समईच्या उजेडात उघडा उभा होता, आणि त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, कावेरीअक्का चष्मा सावरत वाकल्या होत्या.

त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग वळल्या. दारात टेंबे दिसले तशा थेट त्यांच्याकडे आल्या.

"टेंबेअण्णा," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, आणि सगळ्या बायका ऐकायला लागल्या. "तुंबा चन्नागिदे. फार सुंदर. एक विचारू? त्या मोराचा एक पाय जाड आहे, एक नाजूक. नाजूकवाला तो उचलतोय, नाचायला. म्हणूनच बारीक केलात ना तुम्ही?"

 अलकाताईंनी मोराकडे पाहिलं, गजऱ्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. तानूबाई पन्ह्याचा पेला ओठांशी धरून थांबल्या. टेंब्यांचं तोंड उघडलं. त्यांना दोष, त्याचं स्थान, कारण आणि वेळ, चारही गोष्टी क्रमानं पाठ होत्या.

"हो," टेंबे म्हणाले.

कावेरीअक्कांनी समाधानानं मान हलवली आणि बायकांना तो पाय दाखवायला वळल्या. टेंबे अजून दारातच होते. त्यांनी एकदा घसा साफ केला, अलकाताईंकडे न बघता.

"सव्वा मिलिमीटरनं," ते म्हणाले.